चाळाचा पाय

पोटरीला माझं नुसतं बोट लागलं, आणि मन्या खाटेवरून अर्धा उठून ओरडला.

"बाय! मारतंस काय?"

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. माझा धाकटा भाऊ काटा रुतला तरी शीळ घालत काढणारा. त्याच्या तोंडून असा आवाज मी लहानपणीही ऐकला नव्हता. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या डॉक्टर नलावडे मॅडम पुढे झाल्या. साताऱ्याकडच्या बाई, आमच्या आरोग्य केंद्रात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी मन्याच्या पापण्या खाली ओढल्या, बॅटरी मारली.

"डोळे केवढे लाल. पण चिपडं नाहीत. जागरण झालं का?"

"जरासं," मन्या म्हणाला.

"पुराच्या पाण्यात उतरला होतास?"

"नाय."

"चिखल उपसायला? कुणाचं सामान काढायला?"

"आमची कातळवाडी वर सड्यावर आहे, डोंगरमाथ्याला, मॅडम. पूर आम्ही वरनं बघितला, सिनेमासारखा."

शेजारच्या दोन्ही खाटांवरही सड्यावरचीच माणसं होती. तीही हसली. हसताना एकाला खोकला आला आणि तो पोटाशी हात धरून वळला. त्यांनाही मॅडमनी सकाळी हेच विचारलं होतं आणि त्यांनीही हेच सांगितलं होतं. पाणी नाही, चिखल नाही, काही नाही.

पूर ओसरून पंधरवडा होत आला होता. खाली बंदरपेठेच्या भिंतींवर छातीइतक्या उंचीची गढूळ रेघ अजून तशीच होती, आणि कितीही फिनेल टाकलं तरी गावाला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. आम्ही पेठेत आणि खारवाडीत घरोघर जाऊन गोळ्या वाटल्या होत्या. तापाची भीती होती ती तिथली.

मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"सुगंधाताई, मला हा लेप्टो वाटतोय. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून माणसाच्या जखमेत. ताप, लाल डोळे, पोटऱ्यांना हात लावू न देणं, सगळं तसंच आहे. पण जिथे पाणी छातीला लागलं तिथे एक रुग्ण नाही, आणि जिथे थेंब चढला नाही तिथली माणसं आडवी झालीत. असं कसं?"

"जिल्ह्याचे सर काय म्हणाले?"

"प्लेटलेट कमी आहेत, पाण्यात गेल्याचं कुणी सांगत नाही, तेव्हा डेंग्यू समजून सलाईन चालू ठेवा म्हणाले." त्यांनी कपाळ चोळलं. "मी माझ्या जबाबदारीवर पेनिसिलिन सुरू केलंय. या तिघांचं करता येईल. पण ताई, हे कुठेतरी एकत्र होते. तिथे आणखी कोण कोण होतं? ते घरात तोंडावर पांघरूण घेऊन पडले असतील. सुदामबुवा आले तसेच येतील ते, उशिरा."

सुदामबुवा म्हणजे आमच्या कातळवाडीचे बुवा. आदल्या दिवशी त्यांना आणलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि लघवी बंद होती. आम्ही त्यांना लगेच गाडीत घालून जिल्ह्याला पाठवलं होतं. मन्याला आपण आजारी असल्यापेक्षा बुवा आजारी असल्याची काळजी जास्त होती. बापानंतर बापाच्या जागी बघितलेला माणूस तो.

"तुमचा भाऊ आज लघवीला गेला?" मॅडमनी विचारलं.

"सकाळपासून नाही."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि परत वॉर्डात गेल्या.

मी पाण्याचं भांडं घेऊन मन्याचे पाय पुसायला बसले. खरं तर ते माझं काम नव्हतं, पण हातांना काहीतरी करायला हवं होतं. तळव्यांवरची लाल माती पुसली, बोटांच्या बेचक्या पुसल्या, आणि उजव्या घोट्यावर हात आला तसा तो थांबला. घोट्याच्या वर कातडी सोलवटून गोल कडं उठलं होतं. काही ठिकाणी खपली धरली होती, काही ठिकाणी अजून ओलं होतं. डावा घोटा मात्र साफ.

मी उठून शेजारच्या खाटेवरची चादर सारली. उजवा घोटा, तेच कडं. पलीकडच्या खाटेवरही उजवा घोटा.

आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. गणपतीत आमचे पुरुष जाखडी नाचतात. मधे गाणारा आणि ढोलकीवाला, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण, आणि प्रत्येकाच्या उजव्या पायात, फक्त उजव्याच, घुंगरांचा पट्टा. त्याला चाळ म्हणतात. पाय आपटून आपटून चाळ घोट्याला घासतो. नवा पट्टा असला तर कातडी जातेच.

म्हणजे तालीम सुरू झाली होती, आणि मला पत्ता नव्हता. अर्थात मला तो लागू द्यायचाच नव्हता.

कारण जाखडीत दोन बाजू असतात, शक्ती आणि तुरा. गणपतीत दोघं समोरासमोर येतात, एक गाण्यातून सवाल टाकतो, दुसरा गाण्यातूनच जवाब देतो. त्याला बारी म्हणतात. बारी हरलेला मेळा वर्षभर बाजारात मान खाली घालून फिरतो. म्हणून तालीम चोरून करायची, समोरच्याच्या कानावर ढोलकीची थापसुद्धा जाता कामा नये. मेळ्यातला प्रत्येक जण ढोलकीवर हात ठेवून शपथ घेतो, की गाणं आणि जागा बारीपर्यंत ओठांबाहेर काढणार नाही. माझं माहेर शक्तीचं, सुदामबुवांच्या मेळ्यातलं. सासर खारवाडीचं, तुऱ्याचं. आणि तुऱ्याचे शाहीर म्हणजे माझे सख्खे सासरे.

मी मन्याच्या कानाशी वाकले.

"तालीम कुठे चाललीय रे?"

"कसली तालीम?"

"पायाला चाळाची खूण आहे."

"चप्पल लागली."

"तिघांनाही? एकाच पायाला?"

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीलाच बोलल्यासारखा म्हणाला, "तू भुवडांची सून. जा, शाहिरांना सांग, शक्तीवाले काय करतात ते बारीतच बघा."

"मी इथे सिस्टर आहे, मन्या."

"इथे सिस्टर. संध्याकाळी घरी जाशीलच ना? सासऱ्याला भात वाढताना तोंड उघडेल हळूच."

दुखण्यातही त्याला टोमणा सुचत होता. मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसंही वाटलं.

"अरे, जीवाशी गाठ आहे. तिथे जे जे होते त्यांना औषध द्यायला हवं. जागा सांग फक्त. गाणं नको सांगू."

"शपथ आहे. बुवांनी सोडवली तर सांगेन." मग डोळे मिटून हळू म्हणाला, "बुवांना विचार ना, बाय. ते बरे झाले असतील आज."

शेजारच्यांना विचारून बघितलं. एक जण म्हणाला, मन्या बोलला तर मी बोलेन. दुसऱ्यानं झोपेचं सोंग घेतलं.

ऊन चढलं. बारसं असावं तसा वॉर्डात माश्यांचा गोंगाट होता. ऑफिसातला फोन वाजला तेव्हा मी सलाईनची बाटली बदलत होते. मॅडमनी तो घेतला, ऐकला, आणि ठेवताना दोन्ही हातांनी ठेवला, जणू तो जड झाला होता.

"सुदामबुवा गेले," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाला आत्ता सांगू नका."

मला पायऱ्यांवर जाऊन बसायचं होतं. बाहेर आले तर पायरीवर आधीच मामा बसलेले. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. डोकीवर टॉवेल, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा.

"आत नाय आलात?"

"आत कशाला येऊ? शक्तीवाले म्हणतील, शाहीर वास काढायला आला." त्यांनी डबा पुढे केला. "पेज आहे. वर लिंबाचं लोणचं घातलंन सासूनं तुझ्या. मन्या खातो काय?"

मी डबा घेतला नाही. तिथेच खांबाला टेकले.

"मामा, सुदामबुवा गेले."

त्यांचा हात डब्यावरच राहिला. मग बोटं हलायला लागली. डब्याच्या झाकणावर हळूहळू ठेका, थांबत, अडखळत. त्यांचं त्यांनाही कळत नसावं. आयुष्यभर दोघं समोरासमोर उभे राहिलेले. मंचावर एकमेकांची खानदानं काढलेली, आणि सकाळी एकाच टपरीवर एका बशीतला चहा अर्धा अर्धा केलेला.

"यंदाचा सवाल त्याच्यासाठीच बांधला होता गो," ते म्हणाले. "चैत्रापासून घोळवतोय. जवाब देणाराच निघून गेलान."

मी त्यांना सगळं सांगितलं. घोट्यांची कडी, शपथ, मॅडमचा लेप्टो, घरात पडून असतील ती माणसं, मन्याची सकाळपासून कोरडी असलेली लघवीची बाटली. "बुवांनी सोडवल्याशिवाय सांगणार नाही म्हणतो. आता बुवा कुठून आणू? आणि बुवा गेले हे कळलं, तर गेलेल्या माणसाला दिलेला शब्द तो मरेपर्यंत मोडायचा नाही."

"नायच मोडणार," मामा म्हणाले. "मीही मोडला नसता."

"मग मरू देऊ?"

ते उठले. टॉवेल काढून खांद्यावर टाकला. उंबऱ्यापर्यंत गेले, आत डोकावले, परत आले. असं दोनदा केलं. चेहरा बाजारात बैल विकून निघालेल्या माणसासारखा.

"कान कर इकडे," ते म्हणाले.

"काय?"

"कान कर म्हणतो ना. हा सवाल माझ्या ढोलकीवाल्याला ठाऊक नाय, तुझ्या नवऱ्याला ठाऊक नाय. तुझ्या सासूला तर नायच नाय. आता तुझ्या कानात टाकतो. तो जाऊन मन्याच्या कानात टाक. गुपिताला गुपित. माझी मान त्याच्या हातात दिली म्हणून सांग. मग बघू कसा बोलत नाय तो."

"पण मामा, मग यंदाची बारी..."

"बारी गेली खाडीत. कान कर."

त्यांच्या तोंडाला तंबाखूचा आणि उन्हाचा वास येत होता. त्यांनी सवाल म्हटला. मला नीट आला की नाही बघायला परत म्हणायला लावला, एका ओळीत मी अडखळले तर चिडलेसुद्धा. "सांज नव्हे, तिन्हीसांजा. मात्रा कमी पडते."

मी आत गेले. मन्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी खाटेच्या कडेला बसले आणि त्याच्या कानात, आई जात्यावर गायची तेवढ्याच आवाजात म्हटलं,

"डोंगर हिचं माहेर, सागर हिचं सासर,
सकाळी बोले गोड, तिन्हीसांजा खार;
दोन घरी राबे, घर ना तिला एक,
सांग शक्तीवाल्या, ही कुणाची रे लेक?"

त्यानं डोळे उघडले. ते लाल डोळे माझ्यावर इतका वेळ खिळून राहिले, की मला वाटलं शुद्ध हरपतेय.

"हा कुणाचा?"

"मामांचा. यंदाच्या बारीचा."

"चोरलास तू?"

"त्यांनी दिलान. तुला दे म्हणाले. गुपिताला गुपित."

"शाहिरांनी? स्वतःहून?"

"बाहेर पायरीवर बसलेत. पेज आणलीय तुला."

मग त्यानं माझं मनगट धरलं, आणि तापलेल्या हातानं मला जवळ ओढलं.

"बंद गिरणी," तो म्हणाला. "खाडीकाठची, भाताची. तिथे खाडीच्या आवाजात ढोलकी ऐकू येत नाय कुणाला."

मला ती गिरणी डोळ्यांसमोर दिसली. खाडीला लागून, पत्र्याची, मोडक्या दाराची. पुरात ती छपरापर्यंत बुडाली होती. पण तिथे कुणी राहत नाही म्हणून आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं.

"पाणी उतरल्यावर आम्हीच साफ केली," मन्या सांगत होता. "कोंडा कुजून गुडघाभर झाला होता. त्यात उंदीर मेलेले. हातांनी ओढून काढला, बाय. जमीन बसायला पाणी मारलं, गिरणीच्या टाकीतलंच. मग अनवाणी नाचलो. चाळाखालनं रक्त आलं की त्याच टाकीत पाय धुवायचे. गार वाटायचं."

"सगळे होते?"

"सगळे. आख्खा मेळा." त्यानं हात सोडला. "मी सांगितलं म्हणून बुवांना कळवू नको हां."

"नाही कळवणार," मी म्हटलं, आणि पेज आणायला म्हणून उठले, कारण माझा चेहरा त्याला दिसायला नको होता.

नलावडे मॅडमनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. अर्ध्यातच फोन उचलला. जिल्ह्याच्या सरांशी त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या, की केसपेपर काढायच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं गप्प झाली. गिरणी, कुजका कोंडा, उघड्या जखमा, टाकी. मग गोळ्यांची खोकी जीपमध्ये पडली आणि जीप सड्याकडे सुटली. मन्याच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसानं, आता झोपेचं सोंग टाकून, कुणाचं घर कुठे ते स्वतः सांगितलं.

ती माणसं खरंच घरात पडून होती. कुणी पोटऱ्यांना एरंडेल चोळून, नाचून पाय भरले म्हणून. कुणी डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवून, जागरण म्हणून. प्रत्येक दुखण्याला तालमीनंच कारण पुरवलं होतं, आणि ते कारण कुणाला सांगायची सोय नव्हती. ढोलकीवाल्याच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरायला लागला होता. मॅडमनी त्याला त्याच जीपमधून आणलं.

त्याला आणि मन्याला एकाच गाडीतून जिल्ह्याला नेलं. कागदावर मॅडमनी लेप्टो असं मोठ्या अक्षरांत लिहून खाली दोनदा रेघ ओढली होती. मी दोघांच्या मधे बसले होते. घाटात गाडी वळली की सलाईनची बाटली माझ्या कपाळावर आपटायची. मन्या मधेच बडबडायचा, मधेच गप्प व्हायचा. गप्प झाला की मी त्याच्या नाकाशी बोट धरायचे.

एका वळणावर त्यानं मला हाक मारली.

"बाय, जवाब जुळला."

"बोलू नको. दम लागेल."

"ऐक तर. नाहीतर विसरेन. विसरलो तर तुझ्याकडे राहू दे."

मी वाकले. गाडीच्या भोंग्यात, ढोलकीवाल्याच्या कण्हण्यात, त्यानं चार ओळी माझ्या कानात सांगितल्या. मग त्याची मान कलली, आणि जिल्ह्याचं फाटक येईपर्यंत मी त्या चार ओळी देवाचं नाव घ्यावं तशा घोकत राहिले. त्या विसरले तर तो जाईल, असं कुठूनतरी माझ्या मनानं घेतलं होतं.

त्याचं रक्त मशीननं धुवावं लागलं, पुन्हा पुन्हा. ढोलकीवाल्याचंही. बाटलीत पहिल्यांदा लघवी दिसली तेव्हा मी ती बाटली उजेडात धरून रडले, आणि तिथली नर्स मला हसली. बुवांचं मन्याला सांगितलं ते त्यानंतर. तो भिंतीकडे तोंड करून झोपला, दुसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "त्यांना ठाऊकच होतं काय मी सांगितलं ते?" मी म्हटलं, "नाही." एवढंच विचारलं त्यानं.

सड्यावरचं दुसरं कुणी गेलं नाही.

त्या गणपतीत बारी झाली नाही. मामा मंचावर एकटे उभे राहिले, गण म्हटला, आणि समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघून खाली उतरले. पण त्या रात्रीपासून त्यांना एक रोग जडला.

"सुगंधे, मन्यानं जवाब बांधलान म्हणे."

"कोण म्हणालं?"

"त्याचा ढोलकीवाला म्हणाला. गाडीत तुझ्या कानात सांगितलान म्हणे."

"असेल."

"काय सांगितलान?"

"बारीत ऐका, मामा."

वर्षभर हे चाललं. नारळ सोलताना, जाळं विणताना, मी भाकरी थापत असताना. कधी गोडीगुलाबीनं, कधी रागानं. "सवाल माझा होता गो, मला हक्क आहे." सासूबाई म्हणायच्या, सांगून टाक बाई, म्हातारा झोपत नाही. नवरा म्हणायचा, मला सांग, मी नाही सांगणार. मी कुणालाही नाही सांगितलं. भात वाढताना तर मुळीच नाही.

पुढच्या साली भाद्रपदात सड्यावर मांडव उभा राहिला. आमच्या नलावडे मॅडमनी आधीच येऊन साऱ्या नाचणाऱ्यांचे पाय तपासले आणि चाळाखाली बांधायला जाड पट्ट्या दिल्या. कुणी हसलं नाही. बुवांच्या जागेवर मन्या उभा होता. अंगावरचा सदरा अजून ढगळ होत होता. मामांनी सवाल टाकला, तोच, मात्रा न चुकवता, तिन्हीसांजा म्हणताना माझ्याकडे बघून. रिंगण थांबलं. मन्यानं कानावर हात ठेवला.

"नाव तिचं खाडी, शाहिरा, जवाब माझा ऐक,
या काठची बहीण ती, त्या काठची लेक;
दोन्हीकडचं गुपित पोटी, सांडे ना ती थेंब,
तिच्या ओलीवरती, शाहिरा, जगे माझा कोंब."

मांडवात लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या, कुणी टोप्या उडवल्या. मामा मात्र तसेच उभे. मग त्यांनी आपल्या उजव्या पायातला चाळ सोडला, पुढे गेले, आणि वाकून तो मन्याच्या पायाशी ठेवला. तुरा हरला होता.

पहाटे घरी आलो. मी चूल पेटवली, भात टाकला, पानं मांडली. वाढायला पळी घेतली तर मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू बस," ते म्हणाले. "आज मी वाढतो."